अठ्ठावीस नंबर, हाय का घरी?

आमच्या ऑफिसात रोज सकाळी एक माणूस कॉम्प्युटरसमोर उभा राहतो, चष्मा कपाळावर सरकवतो आणि पडद्याला मोठ्यानं विचारतो, "हाय का घरी?"

उभं राहूनच विचारतो. कुणाच्या दारात जाऊन बसून हाक मारतात का, असं त्याचं म्हणणं. तर हे खंडूभाऊ. कामशेतच्या बाजारात भांड्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे, आम्ही लोकांना इंटरनेट पुरवतो. मालक मनोहरशेठ, खंडूभाऊ, मी आणि खांबांवर चढून वायरी ओढणारी तीन-चार माणसं, एवढीच कंपनी. खंडाळ्याच्या हॉटेलांपासून वडिवळ्याच्या घरांपर्यंत आमचं नेट चालतं, म्हणजे बहुतेक दिवस चालतं. मी हिशेब बघते आणि तक्रारींचे फोन घेते. आधी लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात हिशेबाला होते. तिथं मला सगळं कळत होतं. चिक्की दिली, पैसे घेतले. इथं आम्ही काय विकतो हे मला अजून धड कळलेलं नाही, कारण ते दिसतच नाही.

पहिल्या आठवड्यात भाऊंनी मला समजावलं होतं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या भिंतीवर आपला डबा असतो. त्या डब्याला नंबर असतो, त्याला म्हणायचं आयपी अ‍ॅड्रेस. नंबर लांबलचक असतो, पण आपल्याला शेवटच्या आकड्याशी मतलब. एक नंबर एकालाच द्यायचा, दोघांना दिला की दोघंही बोंबलतात. कॉम्प्युटरवर नंबर टाकून हाक मारली आणि डबा चालू असला, की तो ओ देतो. मी विचारलं, डबा ओ कसा देईल? आणि ती इथपर्यंत येते कशी, वायरीतूनच ना, मग वायरीतून सिनेमा येत असताना ओ कुठून येते? भाऊंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "ताई, तुमी लय खोलात जाता."

म्हणजे मीच खोलात जाते! आणि हा माणूस नंबर कसे वाटायचा ते ऐका.

दुसरीकडे म्हणे एक झाला की दोन, दोन झाला की तीन, असे नंबर देतात. भाऊ कनेक्शन द्यायला घरी गेले की आधी ओट्यावर बसून विचारायचे, मुलं किती? दोन मुलगे असले की त्या घराच्या पुढचा नंबर रिकामा सोडायचे. उद्या धाकटा वेगळा राहिला तर त्याला शेजारचा नंबर नको का! वडगावच्या कोर्टात ज्या दोन घरांचा दावा चालू आहे त्यांना चुकूनही लागून नंबर द्यायचे नाहीत. सरपंचांना पहिला दिला तर माजी सरपंचांना राग येईल, म्हणून पहिला नंबर शाळेला. मुंबईकरांच्या बंगल्यांना मात्र सलग. "ती घरं वाढत न्हाईत," भाऊ सांगायचे, "नुसती शनिवारी येत्यात." आणि एवढं सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर काही नाही.

आमच्या कंपनीला मिळालेले नंबर आधीच मोजके. त्यातले निम्मे कुणाच्या तरी होणाऱ्या सुनेसाठी आणि वेगळ्या होणाऱ्या धाकट्यासाठी राखलेले. मनोहरशेठ कपाळाला हात लावायचे. भाऊंचं उत्तर ठरलेलं असायचं, "जागा ठेवायची असती."

भाऊंची आणखी एक रीत. तक्रार आली की भाऊ जागचे हलत नाहीत. खुर्चीतूनच मला सांगतात, "मागचं बटन बंद करून चालू करायला सांगा," आणि दहातल्या नऊ तक्रारी तिथंच मिटतात. दहावीला माणूस पाठवायचा. तोही निघाल्यावर नेट आपोआप सुरू झालं, तर मी फोन करून त्याला वाटेतून परत बोलवायचं. पेट्रोल वाचतं, असा मनोहरशेठचा नियम.

सकाळच्या हाकांमध्ये एक नंबर मात्र कधीच ओ द्यायचा नाही. त्याच्या आधीचा सत्तावीस नंबर भाऊंच्या स्वतःच्या घरचा, वडिवळ्याचा. त्याची ओ आली की भाऊ खूश. मग अठ्ठावीस. "हाय का घरी?" पडद्यावर उत्तर नाही, उत्तर नाही, उत्तर नाही अशा ओळी यायच्या. भाऊ त्या सगळ्या येऊ द्यायचे आणि म्हणायचे, "असू दे." मग पुढचा नंबर. मी एकदा विचारलं, हा कुणाचा? "हाय एकाचा," म्हणाले आणि मला चहा सांगायला पाठवलं. म्हटलं जाऊ दे, आपल्याला काय करायचंय.

एका पावसाळ्यात भाऊंना ताप आला आणि ते आठवडाभर तळेगावच्या दवाखान्यात पडून राहिले. नेमकं त्याच आठवड्यात खंडाळ्याच्या एका हॉटेलला कनेक्शन द्यायचं होतं. मनोहरशेठनं अंदाजानं एक नंबर देऊन टाकला. तो निघाला वडिवळ्याच्या एका म्हातारीचा. तिनं मालिका लावली की हॉटेलात बिलं छापायची बंद, आणि हॉटेलात बिल छापलं की हिची मालिका अडकली. दोघांचे फोन मलाच. म्हातारी मला विचारत होती की मालिकेतल्या सुनेनं शेवटी घर सोडलं का, आणि हॉटेलचा मॅनेजर विचारत होता की ही सून कोण. मनोहरशेठ सफरचंद घेऊन दवाखान्यात गेले, की भाऊ, एक रिकामा नंबर सांगा. भाऊ तापात पुटपुटत म्हणाले, तिथं नको, तिथल्या धाकट्याचं लग्न ठरलंय.

त्या दिवशी मनोहरशेठनं ठरवलं की हे नंबर सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्यायचं. तसं सॉफ्टवेअर असतं हेच मला नवीन होतं. निवडायचं कुणी, तर भाऊ आणि मी. भाऊंना सॉफ्टवेअर नको होतं आणि मला ते काय असतं हे माहीत नव्हतं, अशी आमची कमिटी.

पहिला आला पुण्याचा, टाय लावलेला. त्यानं भिंतीवर रंगीत पट्टे दाखवले, हिरवा म्हणजे वापरात, लाल म्हणजे गडबड. मला ते चांगलं दिसलं. मी मान हलवत राहिले. भाऊंनी एकच प्रश्न विचारला, की एखादा नंबर नुसताच रिकामा ठेवायचा असेल तर? तो खुशीत म्हणाला, आमची सिस्टीम एकही नंबर रिकामा राहू देत नाही, ओ आली नाही की लगेच काढून दुसऱ्याला देते. भाऊ म्हणाले, "ह्यांना चहा द्या." आमच्याकडे याचा अर्थ विषय संपला असा होतो. त्यानं बिचाऱ्यानं दोन कप घेतले.

मग मनोहरशेठनं इंटरनेटवरून एक फुकटचं उतरवलं. ते बसवण्यात चार दिवस गेले. बसल्यावर त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, आपल्या शाखा किती देशांत आहेत? मनोहरशेठनं एक लिहिलं. मग त्यानं शहरांची यादी पुढे केली, त्यात एक निवडा म्हणून. कामशेत नाही, लोणावळाही नाही, वडिवळे तर लांबच राहिलं. भाऊ म्हणाले, ज्याला गाव माहीत नाही तो गावातली घरं काय सांभाळणार! मलाही ते पटलं. पण मला तर टायवाल्याचंही पटलं होतं. मला त्या दिवसांत जो बोलेल त्याचं पटायचं.

शेवटी मीच अक्कल चालवली, म्हटलं एवढं कशाला, एक्सेलमध्ये लिहून काढू. भाऊ दिवसभर सांगत बसले, मी भरत बसले. संध्याकाळी नीटनेटकं दिसावं म्हणून मी नावांप्रमाणे क्रम लावला आणि सगळा गाव इकडचा तिकडे झाला. कोर्टात दावा चालू असलेले दोघे एकाखाली एक येऊन बसले. भाऊंनी ते बघितलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

चौथी एक तळेगावची बाई आली, एसटीनं, भाजीच्या पिशवीत लॅपटॉप घेऊन. भाऊंनी तिलाही तेच विचारलं. ती म्हणाली, "ठेवा की रिकामा. राखीव म्हणून टाका आणि शेजारी कारण लिहा."

"कारन द्यावंच लागतं?"

"नाही दिलं तरी घेतंय."

भाऊंनी तिला चहा सांगितला नाही. स्वतः जिना उतरून खाली गेले आणि गरम वडापाव घेऊन आले. मनोहरशेठनं किंमतही विचारली नाही, तेवढ्यावर सौदा ठरला. असं आमचं सॉफ्टवेअर निवडून झालं. का निवडलं हे मला कुणी विचारलं तर मी काय सांगणार होते, देव जाणे.

मग भाऊंनी एकेक घर त्यात घातलं. रिकाम्या जागांची कारणं मी त्यांच्या सांगण्यावरून लिहीत गेले, धाकट्याला, नातवाला, लेक माहेरी आली तर. मनोहरशेठनं यातल्या बऱ्याच जागा भांडून मोकळ्या करून घेतल्या, आणि भाऊंनीही त्या कुरकुरत सोडल्या. अठ्ठावीसवर मात्र ते अडून बसले. बाकी सगळे घ्या, पण हा नाही. मी विचारलं, कारण काय लिहू? भाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले, राहू दे तसंच.

तिथंच घोटाळा झाला. कारण लिहिलं नाही तर ते सॉफ्टवेअर काही महिने वाट बघतं आणि जागा गुपचूप मोकळी करतं, हे त्या बाईंनी सांगितलं नव्हतं. कदाचित सांगितलंही असेल, पण तेव्हा आम्ही सगळे वडापाव खात होतो. त्याच सुमारास खंडाळ्याचं एक मोठं रिसॉर्ट आमचं गिऱ्हाईक झालं. तिथं खोलीतल्या टीव्हीला नंबर, दाराच्या कुलपाला नंबर, जे दिसेल त्याला नंबर पाहिजे होता. सॉफ्टवेअर आपलं आपण वाटत सुटलं. सगळे खूश होते. मीसुद्धा खूश होते, कशानं ते सांगता येणार नाही.

आणि एका सकाळी भाऊंनी सत्तावीसला हाक मारली, मग नेहमीप्रमाणे अठ्ठावीसला विचारलं, "हाय का घरी?" आणि ओ आली.

एक ओळ आली, दुसरी आली, तिसरी आली. भाऊंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. पुन्हा नंबर टाकला, पुन्हा ओ आली. मग ते कॉम्प्युटरसमोर खाली बसले. मी इतक्या दिवसांत त्यांना तिथं बसलेलं बघितलं नव्हतं.

"ताई, गाडी आनलीय ना तुमी? माजी गॅरेजला हाय. वडिवळ्याला सोडता का?"

मी स्कूटर काढली. बाजारातून बाहेर पडायच्या आधी भाऊंनी मला थांबवून किलोभर जिलबी घेतली. वाटेत मागं बसून ते सांगत होते, त्यातलं निम्मं वाऱ्यावर गेलं. जे ऐकू आलं ते असं. अठ्ठावीस नंबर मारुतीचा. मारुती म्हणजे भाऊंचा धाकटा सख्खा भाऊ. वडिवळ्याच्या घराचे मधे भिंत घालून दोन भाग केलेले, एक भाऊंचा, एक त्याचा. त्याच्या भागातला डबा भाऊंनीच बसवलेला. तो बऱ्याच वर्षांपूर्वी रुसून भोसरीला गेला, तिथंच कारखान्यात आहे. जाताना वीज बंद केली आणि कुलूप लावलं, किल्ली त्याच्याचकडे. म्हणजे अठ्ठावीसनं ओ दिली याचा अर्थ एकच. कुलूप उघडलंय, वीज चालू केलीय, मारुती घरी आलाय. हे मात्र मलासुद्धा लख्ख समजलं, आणि मीही गाडी जरा जोरात घेतली.

वडिवळ्यात भाताची कापणी उरकली होती, खाचरं मोकळी पडली होती. घरापुढे गाडी थांबायच्या आत भाऊ उतरले. ओटा चढून दुसऱ्या दारापाशी गेले आणि त्यांनी हाक मारली, "मारत्या, हायेस का घरी?"

दाराला कुलूप होतं. गंजलेलं. भाऊंनी ते हातात धरून बघितलं, दाराला कान लावला, घरामागं चक्कर मारून आले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, आतून ओ येती आन् भायेरून कुलूप, हे कसं काय? आमच्या ऑफिसात गोंधळायचं काम माझं. आज ते भाऊ करत होते. मी मनोहरशेठना फोन लावला. त्यांनी सॉफ्टवेअर उघडून बघितलं आणि सांगितलं, अठ्ठावीस नंबर काल रिसॉर्टला गेलाय. तिथल्या कॉफीच्या मशीनला.

ते भाऊंना सांगणं माझ्या वाट्याला आलं. सांगितलं बाई कसंतरी. भाऊ जिलबीची पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. मग त्यांनी विचारलं, कॉफीच्या मशीनला नंबर कशाला लागतो? मला तरी कुठं माहीत होतं!

वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. नवऱ्याकडे बघितलं, पलीकडच्या दाराकडे बघितलं, जिलबी बघितली आणि त्यांना न सांगता समजलं. मला म्हणाल्या, लेकीच्या लग्नाच्या पत्रिकेवरून झालं हो सगळं. एवढं बोलून त्या थांबल्या आणि पुढचं भाऊच बोलले.

"पत्रिकेत त्याचं नाव ऱ्हायलं. छापनारा म्हनला, खाली जागा पुरली न्हाई. मामाचे मामा छापले, चुलत्याचे व्याही छापले, आन् सख्ख्या भावाला जागा पुरली न्हाई. म्या छापून आल्यावं वाचलं बी न्हाई, गठ्ठा उचलला आन् वाटत सुटलो. त्याच्या हातात बी मीच दिली."

पत्रिका वाचून मारुती काही बोलला नव्हता. लग्नात राबला, वाढपाला उभा राहिला, आणि पाठवणी झाली तशी कुलूप लावून निघून गेला. त्यानंतर दोघांपैकी कुणी फोन केला नाही. आधी मोठ्यानं करायचा की धाकट्यानं, यात इतकी वर्षं गेली. मला रडूही येत होतं आणि दोघांना एकेक धपाटा घालावासाही वाटत होता.

वहिनींनी पदराला हात पुसले, भाऊंच्या खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि त्यांच्या हातात दिला. भाऊंना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो. पलीकडून हॅलो आलं. मागं यंत्रांचा आवाज येत होता. भाऊ एखाद्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसे बोलायला लागले. म्हणाले, ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर घेतलंय, त्यात कारण लिहायचं राहिलं, म्हणून तुझा नंबर चुकून खंडाळ्याला गेला, तरी गैरसोयीबद्दल. गैरसोयीबद्दल काय ते त्यांना पुढं सुचेना.

पलीकडे यंत्रांचा आवाज कमी झाला, मारुती जरा बाजूला आला असावा. मग मारुती म्हणाला, "माजा नंबर हाय व्हय अजून?"

"हाय. माज्या शेजारचाच हाय. कुनाला दिला न्हाई मी. आज चुकून गेलता, सांजच्याला परत आनतो."

मारुती बरं म्हणाला नाही, येतो म्हणाला नाही. सुपरवायझर आलाय एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. भाऊंनी फोन खिशात टाकला आणि म्हणाले, "असू दे." जिलबी आम्ही तिघांनी थोडी थोडी खाल्ली. ती कुणालाच गेली नाही.

ऑफिसात परत येऊन भाऊंनी कॉफीच्या मशीनला दुसरा नंबर दिला आणि अठ्ठावीस पुन्हा राखून ठेवला. कारणाच्या रकान्यात काय लिहू म्हणून मी थांबले. भाऊ म्हणाले, "लिवा, घरचा मानूस हाय." मी लिहिलं. मग ते सॉफ्टवेअर विचारायला लागलं, कधीपर्यंत राखायचा? ते जेवढी लांबची तारीख घेत होतं तेवढी मी टाकली. दुसऱ्या दिवसापासून अठ्ठावीस पुन्हा गप्प झाला. भाऊ हाक मारायचे, त्या ओळी येऊ द्यायचे आणि पुढं जायचे. असू दे म्हणायचं मात्र त्यांनी सोडून दिलं होतं.

असे काही आठवडे गेले. एका गुरुवारी दुपारी मी डबा उघडून जेवायला बसणार तोच तक्रारीचा फोन वाजला. माणूस म्हणाला, वडिवळ्यातून बोलतोय, तुमच्या डब्यावर लाल दिवा लागलाय, नेट काही लागत नाही. मी नेहमीप्रमाणे नाव विचारलं. त्यानं सांगितलं आणि मी ते जरा मोठ्यानं परत म्हटलं, "मारुती का? वडिवळ्याचे?"

भाऊ भाकरी मोडत होते, त्यांचा हात तिथंच थांबला.

मी सवयीनं सांगणार होते की मागचं बटण बंद करून चालू करा. भाऊंनी हातानंच मला थांबवलं. "ताई, सांगा त्यांना, मानूस पाठवतोय."

माणूस कोण हे मी विचारायच्या आत भाऊ हात न धुता जिन्यावर पोचले होते. टोपी राहिली, चष्मा राहिला, पाने-पकडीची पिशवी राहिली. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग बंद पडल्याचा, मग पुन्हा सुरू झाल्याचा.

मी मारुतीला सांगितलं, माणूस निघालाय. तो बरं म्हणाला आणि फोन ठेवायच्या आधी थांबून त्यानं विचारलं, कोण येतंय? मी म्हटलं, मोठे इंजिनीअर येतायत.

फोन ठेवला आणि काय वाटलं कोण जाणे, मी कॉम्प्युटरपाशी गेले. भाऊ टाकतात तसा अठ्ठावीस नंबर टाकला. उभं राहून विचारलं, "आहे का घरी?"

लगेच ओ आली. एकामागून एक ओळी यायला लागल्या, थांबेचनात. लाल दिवा आपोआप गेला असणार, नाहीतर त्यानंच मागचं बटण दाबलं असणार. तक्रार मिटली होती. मनोहरशेठच्या नियमाप्रमाणे मी भाऊंना फोन करून वाटेतून परत बोलवायला हवं होतं.

मी फोन उपडा ठेवला आणि जेवायला बसले.